उपयोग काय या शिपायांचा?

परवा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलाकडे बघून दारातच थांबल्या. टेबलावर जुना पेपर अंथरलेला, त्यावर बाटल्यांच्या बुचांवर उभे केलेले अकरा शिपाई. कोणाला डोकं नाही, कोणाला हात नाही. एकाचा तर नुसता तारेचा सांगाडा.

"मायबाई! हे काय करून राहिल्या वहिनी?"

"फौज करून राहिली," मी म्हटलं.

त्यांनी त्यातल्या त्यात पूर्ण झालेला एक शिपाई उचलला, खिडकीच्या उजेडात नेला, पागोट्याचे पेच पाहिले, कमरेची तलवार पाहिली. खरंच मन लावून पाहिलं हो त्यांनी. आणि मग विचारलंच, "मस्त जमलं. पण उपयोग काय याचा?"

गेली चार वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. सासूबाईंनी विचारला, भिशीतल्या बायकांनी विचारला, गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या पोरानेसुद्धा विचारला. दर वेळी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन विषय बदलला. आज जरा सविस्तर देते.

हे सगळं सुरू झालं माझ्या भाच्यामुळे. पुण्यात शिकायला होता तेव्हा त्याला एका खेळाचं वेड लागलं. मोठ्या टेबलावर मैदान मांडायचं, थर्मोकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या भुशाचं गवत, आणि दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढ्या शिपायांच्या पलटणी. फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचं, पायदळ इतके इंच, घोडदळ तितके इंच, आणि इतिहासातली एखादी खरीखुरी लढाई पुन्हा लढून पाहायची. कोणाचं कुठे चुकलं, तोफा डावीकडे असत्या तर काय झालं असतं, यावर ही पोरं रात्र रात्र भांडतात. आपल्या बुद्धिबळाचा लांबचा भाऊच म्हणा ना. युरोपात हे जुनं आहे. प्रशियाच्या लष्कराने १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असा खेळ वापरायला घेतला. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर १९१३ साली आख्खं पुस्तक लिहिलं, 'लिटल वॉर्स' नावाचं. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात तो सांगतो की हा खेळ बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी आहे, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठीसुद्धा. म्हणजे बघा, दीडशे वर्षांचा म्हातारा कसाही चालेल, मुलगी मात्र हुशारच पाहिजे! असो. निदान दार किलकिलं तरी ठेवलं त्याने.

तर हा भाचा एका दिवाळीला यवतमाळला आला तो डोक्यात अडगाव घेऊनच. अडगाव म्हणजे आपल्या वऱ्हाडातलंच, अकोटच्या बाजूचं. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ ला वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं. पुढच्या पंधरा-सोळा दिवसांत गाविलगडही पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. म्हणजे त्यात आपला हा भागही आलाच. शाळेत हे शिकवलं असेल तर मला आठवत नाही. आम्हाला पानिपत पाठ होतं, अडगाव नव्हतं.

भाच्याची अडचण अशी की इंग्रजांचे लाल कोटवाले शिपाई परदेशातून तयार मिळतात, भोसल्यांचे मात्र मिळायला कठीण. मिळाले तरी टपालखर्च आणि जकात धरून त्या पैशात महिन्याचा किराणा यावा. "मग तुम्हीच बनवा की," मी सहज म्हटलं. तो माझ्याकडे बघायला लागला. "आत्या, तू गव्हले करते ना? मग हे तुलाच जमेल."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी वळवट केलं आहे? लग्नघरी रुखवतात ठेवायला, मुलीला पाठवायला गव्हले, नखुल्या, मालत्या, फणुल्या? जिऱ्याएवढा कणकेचा तुकडा घ्यायचा, चिमटीत वळायचा, नखाने एक चीर द्यायची की नखुली, फणीवर दाबायचा की फणुली. एकसारखे, शेकड्यांनी. माझी आजी बोलता बोलता करायची, हाताकडे बघायचीसुद्धा नाही. आणि आपल्याकडचे सरगुंडे! काडीला कणकेची पट्टी गुंडाळत न्यायची, पेचावर पेच. मी पहिल्या शिपायाचं पागोटं केलं तेव्हा माझ्या बोटांनी काय केलं असेल? सरगुंडाच केला. फक्त काडीच्या जागी चार मिलीमीटरचं डोकं होतं.

कृती विचाराल तर सांगते, काही गुपित नाही त्यात. आमच्या खेळात शिपायाची उंची साधारण अठ्ठावीस मिलीमीटर, म्हणजे सव्वा इंचही नाही. आधी बारीक तार वाकवून माणसाचा सांगाडा करायचा. उभा आहे, पळतो आहे, भाला पेलतो आहे, ते सगळं इथेच ठरतं. सांगाडा चुकला की वर कितीही नक्षी करा, माणूस काठी गिळल्यासारखा दिसतो. मग नळाच्या गळतीला लावतो ते एम-सील. दोन वड्या सारख्या घेऊन एकजीव होईपर्यंत मळायच्या. त्यानंतर जेमतेम अर्धा तास तुमच्या हातात असतो, पुढे ते घट्ट व्हायला लागतं. म्हणून एका बैठकीत सगळं करायचं नाही. पहिल्या दिवशी नुसतं धड. ते कडक झालं की दुसऱ्या दिवशी त्यावर सुरवार, तिसऱ्या दिवशी अंगरखा, त्याच्या चुण्या सुईच्या टोकाने. हात आणि चेहरा शेवटी. परदेशात या कामासाठी हिरवी पुट्टी मिळते, ती जास्त लवचीक असते, पण आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं त्यावरही भागतं. हत्यारं म्हणजे सुई, टूथपिक, संपलेली रिफिल. बोट ओलं ठेवलं की चिकटत नाही.

एक मात्र बजावून सांगते. हे कच्चं असताना कातडीला बरं नाही, काहींना पुरळ उठतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि स्वयंपाकाचं पोळपाट, सुरी, वाटी काही काही याला लावू नका. माझं टेबल जेवणाचं असलं तरी वर पेपर, त्यावर जुनी फरशी, आणि काम झालं की सगळं उचलून साबणाने हात धुणं, यात कुचराई नाही.

पहिला शिपाई करायला मला नऊ दिवस लागले. तो दिसत होता नळदुरुस्तीला आलेल्या माणसासारखा. दुसऱ्याचं डोकं इतकं मोठं झालं की सासूबाईंनी विचारलं, "हा गणपती आहे का?" सहावा मात्र जमला. रात्री साडेअकरा वाजले होते, घर झोपलं होतं. सहाव्याच्या चेहऱ्यावर सुईने डोळ्याच्या दोन खाचा केल्या आणि तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. त्या रात्री काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पोराला पहिल्यांदा पोहता येतं तेव्हा त्याला वाटत असेल तसं काहीसं.

आता चूक सांगते. माझीच.

दुसऱ्या वर्षी माझे शिपाई पाहून एका दुकानदाराने विचारलं, दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मावळे करून द्याल का? इकडेही आता मुलं किल्ले करतात. दोनशे नग, नगाला पंचवीस रुपये. घरात सगळ्यांचे चेहरे उजळले. "बघा, आता काही अर्थ आला याला!" आमचे हे म्हणाले. भिशीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, चला, एवढे दिवस तोंड लपवत होतो, आता मान वर करून करू.

गणपतीत सुरू केलं ते वसुबारसेच्या आदल्या रात्रीपर्यंत. आधी एकेक वेगळा करत होते. पन्नास झाल्यावर कळलं की असं पुरं होणार नाही. मग सगळ्यांचा उजवा हात वर, सगळ्यांच्या हातात भाला, चेहऱ्याच्या जागी नुसता एक ठिपका. अंगठा सुजला, चष्म्याचा नंबर वाढला, पोरीच्या सहामाहीकडे बघायला वेळ झाला नाही. पैसे मिळाले संक्रांतीनंतर, मोडलेल्या भाल्यांचे कापून. पण पैशाचं दुःख नाही. दुःख हे की त्यानंतर चार महिने मी त्या डब्याचं झाकण उघडलं नाही. जी गोष्ट करायला मिळावी म्हणून मी भांडी भराभर आवरायची, तिचीच मला शिसारी बसली.

पुढच्या वर्षी तोच दुकानदार आला, मी नाही म्हटलं. घरात दोन दिवस अबोला होता.

मला सांगा, आमचे हे रोज सकाळी पाऊण तास शब्दकोडं सोडवतात. कोडं सुटलं की पेपर रद्दीत. पाच दिवसांची कसोटी पाहतात आणि ती अनिर्णित राहते. उपयोग काय, असं आजवर त्यांना कोणी विचारलं नाही, मीही नाही. बाईच्या हातची वस्तू मात्र एक तर कोणाच्या पोटात गेली पाहिजे, अंगावर आली पाहिजे, देवापुढे मांडली पाहिजे, नाहीतर विकली तरी गेली पाहिजे. स्वेटर चालतो, रांगोळी चालते, कुरडया तर हव्याच. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसवायच्या म्हणून मी मातीचे भुलोजी-भुलाबाई केले असते तर घराने कौतुकच केलं असतं. तीच माती, तीच बोटं, तेवढाच वेळ. पण चाळिशीतल्या बाईने तलवारवाला शिपाई करायचा, तोही खेळण्यासाठी? आणि "विकत का नाही?" हा प्रश्न वरवर कौतुकाचा वाटतो, त्याच्या पोटातही तोच जुना हिशोब आहे. नुसतं आवडतं म्हणून करते, हे उत्तर पुरत नाही कोणाला.

बचत गटांविरुद्ध मी बोलते आहे असं कृपा करून समजू नका. पापड-लोणच्यांवर पोरांच्या फिया भरलेल्या बायका मी आपल्याच गावात पाहिल्या आहेत, त्यांच्यापुढे माझे शिपाई कोण? ज्यांना विकायचं आहे त्यांनी जरूर विकावं, आणि पैसे आधी घ्यावे, हा अनुभवाचा सल्ला. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक आवडीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवायची घाई करू नका. विशेषतः लेकींच्या. पोरगी मेंदी छान काढते म्हटलं की आपण लगेच "ऑर्डरी घे" म्हणतो. काढू द्या की तिला दोन वर्षं नुसती.

हे मी भिशीत तावातावाने बोलले आणि घरी येऊन फार खूश होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तोच किस्सा सांगितला. त्या फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "तुमाले टाइम आहे बाई."

काय बोलणार? खरंच आहे. नोव्हेंबर लागला की त्या सकाळची चार घरं उरकून कापूस वेचायला जातात, संध्याकाळी बोटं बोंडांनी ओरबाडलेली. माझा दीड तास आहे तो त्यांच्यासारख्या कोणीतरी माझी भांडी घासल्यामुळे आहे. हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं खोटेपणाचं होईल, म्हणून लिहिलं. याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

माझी फौज मात्र वाढत होती. भोसल्यांचं पायदळ, अरब शिपाई, तोफेचे बैल. बैल करताना आजी आठवायची. ज्यांच्या घरी बैलजोडी नाही ते पोळ्याला मातीचे बैल पुजतात. आजी आमच्या शेतातल्या काळ्या मातीचेच करायची. काळी माती वाळली की तडकते, म्हणून ती मळताना कापसाचे तंतू घालायची. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात बाकीची पोरं लाकडाचे नंदी ओढत न्यायची, मी ताटात मातीची जोडी. तर तोफेचे बैल झाले, आणि भाच्याने आणून दिलेली पुस्तकं वाचताना मनात आलं, एवढी माणसं, एवढी जनावरं, यांना खायला कोण घालत होतं?

उत्तर आपल्या घराजवळच निघालं. लमाण. त्या काळच्या मोठ्या फौजा, मराठ्यांच्या असोत की इंग्रजांच्या, बंजाऱ्यांच्या तांड्यांनी आणलेल्या धान्यावर चालत. वेलस्लीची दख्खनमधली मोहीमसुद्धा. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे कळप, सोबत आख्खं कुटुंब, बायका, पोरं. आपल्या पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे किती तांडे आहेत, वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचेच. आणि खेळाच्या टेबलावर यांचं नावही नाही! तोफा मोजल्या जातात, बंदुका मोजल्या जातात, ज्वारीच्या गोण्या कोणी मोजत नाही. स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलेल्या बाईच्या हे लक्षात येणारच ना.

मग मी तांडा करायला घेतला. बारा बैल, चार पुरुष, सहा बायका. फेटिया-काचळीच्या घेरात सुईने इतक्या चुण्या पाडल्या की डोळ्यांपुढे काजवे आले. आरसे म्हणून चंदेरी रंगाचे ठिपके, ब्रशच्या दोन केसांनी. एकीच्या कडेवर पोर. त्या सहाजणींना पावणेदोन महिने लागले, आणि आजवर केलेल्यात मला त्याच सगळ्यात आवडतात.

भाचा म्हणाला, "आत्या, सुंदर. पण यांचे गुण किती धरायचे? या लढत नाहीत."

मी म्हटलं, "लढत नाहीत, जेवण आणतात. तांडा ज्याच्या हातून गेला त्याची फौज पुढच्या डावापासून निम्मंच अंतर चालेल. हा माझा नियम." कुरकुर करत मान्य केलं त्याने. त्याच संध्याकाळी इंग्रजांकडून खेळताना तोफांच्या नादात तांडा उघड्यावर सोडला आणि हरला. आता पुण्यातल्या त्याच्या मित्रांनीही हा नियम घेतला आहे म्हणे. सध्या त्यातला एकजण थ्रीडी प्रिंटरवर शिपाई छापतो. चांगले निघतात, खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा रेखीव. मला विचारलं, प्रिंटर घेऊन देऊ का? मी म्हटलं, शिपाई हवे असते तर घेतला असता. मला ते करायचे आहेत.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी फरशीवर थोडी पुट्टी उरली होती. मावशी म्हणाल्या, "हे वाया जाते का?" अर्ध्या तासात दगड होईल म्हटलं. त्यांना हातमोजे दिले. तार नाही, सुई नाही, उभ्या उभ्या दहा मिनिटांत त्यांनी एक बाई केली. डोकं लिंबाएवढं वाटावं असं मोठं, पाय म्हणजे नुसता गोळा. पण कमरेत वाकलेली, पोटाशी ओटी बांधलेली, एक हात पुढे. कापूस वेचणारी. त्या पाठीचा बाक मला सांगाड्यावर चार दिवस घालूनही साधला नसता. मी तसं म्हटलं तर त्या हसल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर भाचा दोन दिवस आला तेव्हा आम्ही अडगाव पुन्हा मांडलं. लढाई नोव्हेंबरअखेरची, म्हणजे वेचणीचे दिवस. मी ती बाई मैदानाच्या कडेला ठेवली. भाच्याने विचारलं, ही कोणाच्या बाजूची? मावशी तिथेच पोछा मारत होत्या. म्हणाल्या, "काहाले कोणाच्या बाजूची? तिची वेचणी राहिली आहे."

ती अजून तिथेच आहे. पुढचं मैदान आपल्याच जिल्ह्यातलं घ्यायचं ठरलं आहे. पांढरकवड्याकडचं शिवणी, एप्रिल १८१८, पळत्या दुसऱ्या बाजीरावाला कर्नल अॅडम्सने गाठलं ती लढाई. सगळा घोड्यांचा मामला, आणि घोड्याचा मागचा पाय मला अजून जमत नाही. गुडघा उलटा होतो.

वहिनी काल विरजणाची वाटी परत करायला आल्या. बसा म्हटलं तर बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "ते पागोटं कसं गुंडाळता, दाखवा बरं एकदा." मी कणीक भिजवून काडी दिली हातात. आधी सरगुंड्यावर हात बसवा, म्हटलं.